एअर फिल्टरसाठी घरगुती हीट शील्ड: पुठ्ठ्यापासून पत्र्यापर्यंत

कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, बसवला की गाडीचा आवाज बदलतो आणि गाडी आता जास्त पळते असं वाटायला लागतं. कानाला जे वाटतं ते चाकापर्यंत पोचतंच असं नाही. फिल्टरचा कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा होता तेव्हा तो बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागून किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून बाहेरची हवा घेत होता. डबा काढून उघडा कोन लावला की इंजिन बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढायला लागतं. फिल्टर मोकळा झाला, पण हवा विरळ झाली. हीट शील्ड, म्हणजे गरम हवा अडवणारी फिल्टरभोवतीची पत्र्याची भिंत, ही शोभेची वस्तू नव्हे, तर या गडबडीवरची दुरुस्ती आहे. पत्रा, कात्री, रिव्हेट आणि सुट्टीचा एक दिवस एवढ्यात ती घरी होते.

पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या गाडीत अजून कंपनीचा डबा आणि त्याचा नळकांडीवजा स्नॉर्केल जागेवर असेल, तर हा लेख वाचा, पण पत्रा आणू नका. तो डबा म्हणजेच चांगली हीट शील्ड आहे. प्लॅस्टिक उष्णता सहज वाहून नेत नाही, डबा बंद असतो आणि बाहेरची हवा घेतो. त्याहून बरं काहीतरी घरी ठोकून बनवणं अवघड आहे. टर्बो डिझेलवाल्यांनीही फार आशा धरू नये. तिथे टर्बो हवा दाबताना तापवतो आणि पुढे इंटरकूलर ती गार करतो, त्यामुळे फिल्टरपाशी वाचवलेल्या अंशांचा मोठा भाग वाटेतच विरून जातो. खरा उपयोग आहे तो साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला, जिच्या बॉनेटखाली कोन फिल्टर उघडा बसलाय. पुढचं सगळं तशी 1200 सीसीची हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

सीएनजी किट असलेल्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नका. रेग्युलेटर, गॅसचे होज आणि इंजेक्टर यांच्याभोवती बंदिस्त कोपरा तयार करणं म्हणजे गळती झाल्यास गॅस साठायला जागा करून देणं.

गरमी येते कुठून

तीस अंशांच्या हवेचं एक घनमीटर साधारण 1.16 किलो भरतं, साठ अंशांचं 1.06 किलो. म्हणजे सुमारे नऊ टक्के हवा कमी. पण ताकद नऊ टक्क्यांनी घटत नाही. इंजिनाच्या चाचणीत तापमानाची जी दुरुस्ती धरतात ती ढोबळमानाने वर्गमुळाच्या हिशेबाने असते, त्यामुळे फरक चार-पाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. ऐंशी अश्वशक्तीच्या गाडीत ही तीन-चार अश्वशक्ती झाली. शिवाय हवा गरम असली की ठोका पडू नये (मिश्रण अवेळी पेटू नये) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यात आणखी थोडं जातं. हे सगळं जाणवतं घाटात, दुपारी, चार माणसं आणि एसी चालू असताना. रोजच्या अर्ध्या ॲक्सिलरेटरवर फारसं नाही. मायलेज वाढेल म्हणून कुणी हे करत असेल तर त्याने थांबावं. हलक्या दाबावर किंचित उबदार हवेने मायलेज बिघडत नाही, कधी किंचित सुधारतंसुद्धा. जुन्या कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांत तर थंडीसाठी मुद्दाम एक्झॉस्टजवळून गरम हवा घ्यायची सोय असे.

आता नवीन माणसाच्या मनात एक चित्र असतं: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणारे नळ) लालबुंद तापतो, त्याची धग फिल्टरला लागते, मध्ये पत्रा उभा केला की काम झालं. धग खरी आहे. मॅनिफोल्ड काही शे अंशांवर असतो आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला तापवतो. पण फिल्टरमध्ये जाणारी हवा मुख्यतः दुसऱ्याच वाटेने तापते. रेडिएटरमधलं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास असतं आणि त्याच्या जाळीतून आलेली हवा पंखा थेट इंजिनाकडे ढकलतो. रेडिएटरच्या मागची हवा कायमच गरम. म्हणून शील्डला रेडिएटरच्या बाजूची भिंत इंजिनाच्या बाजूच्या भिंतीइतकीच गरजेची असते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त शील्डमध्ये एकच उभा पत्रा असतो, चकचकीत आणि बाजूने सगळा उघडा. फोटोत छान दिसतो.

अजून एक हिशेब करून बघा, म्हणजे कुठे मेहनत घ्यायची ते कळेल. 1200 सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन 3000 फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना, मिनिटाला जवळपास 1800 लिटर म्हणजे सेकंदाला 30 लिटर हवा घेतं. इनटेकचा, म्हणजे हवा इंजिनात नेणारा, पाइप आतून 60 मिमी असेल तर त्याचं तोंड 28 चौरस सेमीचं. त्यातून हवा सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने जाते आणि अर्धा मीटर पाइप सेकंदाच्या विसाव्या भागात ओलांडते. एवढ्या वेळात पाइपची गरम भिंत तिला किती तापवणार? म्हणून पाइपला सोनेरी टेप गुंडाळत बसण्यात अर्थ थोडा. हवा मुळात कुठून उचलली जाते, प्रश्न तिथे आहे. शील्डचा पत्रा हाताला पोळेल इतका तापला तरी चालेल, पण त्याच्या आत बाहेरची ताजी हवा यायलाच हवी. बाहेरच्या हवेला वाट न ठेवता शील्ड बसवणं म्हणजे दारं-खिडक्या बंद करून स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावणं.

आधी मोजा

पत्रा कापायच्या आधीच्या आठवड्यात एक ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारी डबी, घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘इनटेक एअर टेंपरेचर’, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, दिसतं. ॲपमध्ये नोंद साठवायची सोय असते ती चालू करा. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका.

तीन प्रसंगांची नोंद हवी. गाडी पूर्ण गरम झाल्यावर एसी लावून दहा मिनिटं उभी, मग सिग्नलची रांग असलेला रस्ता, आणि मग मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या स्थिर वेगाने काही किलोमीटर. प्रत्येक वेळी बाहेरचं तापमानही लिहून ठेवा, कारण आपल्याला आत किती अंश आहेत यापेक्षा आतलं आणि बाहेरचं यांच्यातला फरक हवाय. मे महिन्यातल्या नागपूरचा आकडा आणि जानेवारीतल्या नाशिकचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. वजाबाकी केली की कळतं.

सेन्सर कुठे आहे ते मात्र बघा. फिल्टरजवळच्या पाइपात किंवा हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरमध्येच असेल तर आकडा विश्वासाचा. काही गाड्यांत तो इनटेक मॅनिफोल्डवर, दाबाच्या सेन्सरसोबत एकत्र असतो. तिथे त्याला इंजिनाची स्वतःची गरमी लागते आणि उभ्या गाडीत आकडा फुगलेला दिसतो. अशा वेळी लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन त्याचं टोक फिल्टरच्या बाहेर, दोन बोटांवर टांगा. वायर पंख्यात किंवा पट्ट्यात जाणार नाही अशी बांधा.

मोकळ्या रस्त्यावर फरक आधीच चार-पाच अंशांचाच असेल, तर तुमची गाडी बऱ्यापैकी बाहेरची हवा घेतेय आणि शील्डने तिथे फार काही होणार नाही. सिग्नलला आणि घाटात फरक वीस-पंचवीसच्या वर जात असेल तर पुढे चला.

सामान

पत्र्यासाठी साधं, मऊ ॲल्युमिनियम घ्या, जाडी 1.2 मिमीच्या आसपास. दुकानात अठरा गेज म्हणून मागितलं तर मिळतं. एक चौरस फुटाचं वजन साधारण 300 ग्रॅम, आणि हॅचबॅकच्या शील्डला दोन ते तीन चौरस फूट पुरतात. कडक जातीचं ॲल्युमिनियम दुकानदार ‘जास्त मजबूत’ म्हणून पुढे करेल. ते काटकोनात वाकवताना घडीवर चिरतं, नको म्हणा. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा स्वस्त आहे आणि कुठल्याही पत्रेवाल्याकडे तुकडे मिळतात, पण जड पडतो आणि कापलेल्या कडेला गंजतो. कोकणात राहत असाल तर विचारही करू नका.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, इथे हे सगळं एका फेरीत होतं. उद्यमनगरात तर पुठ्ठ्याचा साचा दिला की वाकवून, भोकं पाडून हातात देणारे कारागीर आहेत, आणि ज्याला हाताने ठोकायची हौस नाही त्याने खुशाल तो मार्ग घ्यावा. साचा मात्र स्वतः बनवा. तुमच्या बॉनेटखालचे कोपरे तुम्हालाच दिसणार आहेत.

यादी अशी: जाड पुठ्ठा, मार्कर, स्टीलची पट्टी, पत्रा कापायची कात्री, कानस, ड्रिल, सेंटर पंच, रबरी हातोडी, लोखंडी अँगलचे दोन तुकडे, दोन सी-क्लॅम्प, 4 मिमीचे पॉप रिव्हेट आणि रिव्हेट गन, नायलॉक नट आणि रबरी वॉशरसकट सहा मिमीचे तीन-चार बोल्ट, कडेला बसवायची यू आकाराची रबर बीडिंग आणि बॉनेटला टेकायला डी आकाराची पोकळ रबर पट्टी, जी दरवाज्यांना लावतात ती. हातमोजे आणि गॉगल यादीत शेवटी असले तरी पहिल्या कापापासून अंगावर हवेत. कापलेल्या ॲल्युमिनियमची कडा ब्लेडसारखी असते.

काय वापरायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणारं एसीपी शीट दिसायला ॲल्युमिनियम, पण मध्ये बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो. तो मऊ पडतो आणि पेटतो. छपराखाली लावायचा चकाकणारा बबल फॉइल, फोम, थर्माकोल यांना बॉनेटखाली जागा नाही. ग्लासवूल किंवा सिरॅमिकचा कापूस फिल्टरच्या बाजूला लावाल तर त्याचे तंतू सुटून फिल्टरमध्ये जातील. आणि जुन्या दुकानांत कुणी ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा देऊ केला तर हात लावू नका, कापायचा तर प्रश्नच नाही. ती धूळ फुप्फुसाला कायमची लागते.

पुठ्ठ्याचा साचा

नव्वद टक्के काम इथेच होतं आणि नेमकी इथेच घाई केली जाते.

गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पत्र्याचं मोठं चौकोनी अंग बॅटरीच्या दोन टोकांवर पडलं तर काय होतं ते बघायची गरज नाही. वायर परत जोडल्यावर काही गाड्या थोडा वेळ आयडलला डगमगतात, ईसीयू पुन्हा शिकतो, घाबरू नका.

मग फिल्टरभोवती काय काय आहे ते बघा. ब्रेक ऑइलची टाकी, फ्यूज बॉक्स, एबीएसचा ठोकळा, पेट्रोलचे होज, वायरिंगचा जाडजूड गठ्ठा. यातलं काहीही शील्डच्या भिंतीला टेकता कामा नये, आणि रोज उघडायचं झाकण शील्डखाली गाडलं जाऊ नये. ब्रेक ऑइल बघायला दर वेळी चार बोल्ट काढायचे असतील तर तुम्ही ते बघणं सोडून द्याल.

भिंती ठरवा. इंजिनाची बाजू एक, रेडिएटरच्या पंख्याची बाजू दोन. उरलेल्या दोन बाजूंना बहुतेक गाड्यांत फेंडरची आतली भिंत आणि हेडलाइट असतात, त्या फुकटच्या भिंती. तळाला पत्रा घ्यायचा की नाही हे खालून किती गरम हवा वर येते त्यावर ठरवा; गिअरबॉक्स थेट खाली असेल तर घ्या, पण त्यात पाणी निथळायला दोन-तीन भोकं ठेवा. वरचं झाकण वेगळं करू नका. बॉनेट बंद झालं की तेच झाकण.

पुठ्ठा तुकड्या-तुकड्यांनी कापा आणि चिकटपट्टीने जोडत जा. एका अखंड तुकड्यात बसवण्याचा हट्ट धरला की साचा कुठेतरी ताणला जातो. फिल्टरचं टोक आणि भिंत यांत किमान 25 मिमी मोकळं ठेवा, आणि इनटेकचा पाइप जिथून भिंतीतून जातो तिथलं भोक पाइपपेक्षा चांगलं मोठं ठेवा. कारण इंजिन हलतं. ते रबरी माउंटिंगवर बसलंय, फिल्टर पाइपाने इंजिनाला जोडलाय आणि शील्ड बॉडीला जोडलेली असणार. गिअर टाकून क्लच सोडताना इंजिन किती झुकतं ते, बॅटरीची वायर काढण्याआधीच, कुणाला तरी गाडीत बसवून, हँडब्रेक ओढून, तुम्ही बाजूला उभं राहून बघा. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो. भोक गोल कापण्यापेक्षा वरच्या कडेपासून खाली यू आकाराची खाच कापली तर शील्ड बसवताना पाइप सोडवावा लागत नाही.

उंचीसाठी मुलांच्या खेळण्यातली क्ले आणा. साच्याच्या वरच्या कडेवर जागोजागी सुपारीएवढे गोळे ठेवा, वर पातळ प्लॅस्टिक टाका आणि बॉनेट हळू टेकवून उघडा. चपट्या झालेल्या गोळ्याची जिथे जितकी जाडी उरली तितकी तिथे मोकळी जागा. त्यातून रबर पट्टीची दबलेली जाडी वजा करा, उरेल तेवढी साच्याची कड वाढवा. बॉनेट सपाट नसतं, आतून त्याला फासळ्या असतात, म्हणून कडाही सरळ येणार नाही. येऊ द्या.

कापणं, वाकवणं, जोडणं

साचा उलगडून पत्र्यावर आखा. जिथे दोन तुकडे जोडायचे तिथे 15 मिमीची पट्टी जास्त ठेवा आणि मोकळ्या उभ्या कडांना 10 मिमी जास्त ठेवून ती दुमडून टाका. त्याने कड बोथट होते आणि पत्रा ताठ राहतो, नाहीतर आयडलला तो पातेल्याच्या झाकणासारखा वाजत बसतो. घडीची रेघ मार्करने आखा, सुईने ओरखडू नका. ओरखड्यावर ॲल्युमिनियम तुटतं.

घडीची रेघ दोन अँगलच्या मध्ये धरून सी-क्लॅम्प आवळा आणि रबरी हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं ठोकत जा. एकाच जागी पूर्ण वाकवून मग पुढे गेलात तर पत्र्याला पोट येतं, आणि ते परत बसत नाही. लोखंडी हातोडीचे वण कायमचे राहतात.

भोकांआधी सेंटर पंचचा ठिपका मारा, नाहीतर ड्रिल पत्र्यावर घसरतं. रिव्हेटसाठी भोक रिव्हेटपेक्षा केसभर मोठं. पाडून झालं की मोठं बिट हातात धरून भोकावर दोनदा फिरवा, कडेची कुसळं निघतात. हे सगळं गाडीपासून लांब करा. ॲल्युमिनियमचा कीस इनटेकमध्ये जाणं हे या कामातलं एक खरंखुरं महागडं नुकसान आहे. फिल्टर काढला असेल तर पाइपच्या तोंडाला रंगीत फडकं बांधा, दिसेल असं, म्हणजे परत जोडताना ते आत राहणार नाही.

रंगाचा मोह होईल. काळा मॅट रंग बॉनेटखाली रुबाबदार दिसतो, पण उघडं स्वच्छ ॲल्युमिनियम धगीचा फार मोठा भाग परतवून लावतं आणि काळा रंग तोच भाग शोषून घेतो. आतल्या बाजूला रंग दिला तर तो तापून फिल्टरकडेच धग फेकणार. दोन्ही बाजू तशाच ठेवा. एक्झॉस्ट अगदी हातभर अंतरावर असेल तर त्या बाजूला दुसरा पत्रा लावा, मध्ये 6 ते 10 मिमीचे स्पेसर ठेवून. दोन पातळ पत्रे आणि मधली हवा हे एका जाड पत्र्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करतं.

बसवण्यासाठी बॉडीला नवीन भोकं पाडू नका. कंपनीचा डबा काढला तिथे त्याच्या बोल्टची जागा आणि रबरी बुश मोकळे असतात. ते बुशच वापरा, त्यांनी थरथर मरते. किमान तीन आधार हवेत, आणि तिन्ही बॉडीवर. एक बॉडीवर आणि दोन इंजिनावर असं केलंत तर पत्रा महिन्याभरात भोकापाशी फाटेल. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतं तिथे रबरी किंवा नायलॉनचा वॉशर घाला. दमट हवेत या दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होत जाते, मुंबई-रत्नागिरीकडे तर पहिल्याच पावसात. बाकी कडांना यू बीडिंग आणि वरच्या कडेला डी रबर. रबर तिसरा हिस्सा दबेल इतकंच ठेवा. बॉनेट लावायला जोर द्यावा लागत असेल तर कड अजून कापा. अर्धवट अडकलेलं बॉनेट हायवेवर उघडणं ही फिल्टरच्या तापमानापेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

हवेचं तोंड

शील्ड उभी राहिली, आता तिच्या आत बाहेरची हवा आणायची. कंपनीचा स्नॉर्केल फेकला नसेल तर तो शोधा. त्याचं पुढचं तोंड आधीच योग्य जागी आहे, रेडिएटरच्या पुढे आणि वर. त्याचं मागचं टोक शील्डच्या आत, फिल्टरच्या बुडापाशी आणून सोडा. झालं. याहून चांगला उपाय विकत मिळत नाही.

स्नॉर्केल गेला असेल तर तीन इंची पाइप घ्या, त्याचं तोंड 45 चौरस सेमीचं येतं आणि 28 चौरस सेमीच्या इनटेकला ते भरपूर आहे. अरुंद पाइप घातलात तर शील्डच्या आत ओढ तयार होईल आणि फटींतून गरम हवाच आत येईल. वाटेत वळणं कमी ठेवा. तारेचा स्प्रिंग असलेला पीव्हीसीचा पाइप रेडिएटरजवळ मऊ पडून बसतो. लवचिक ॲल्युमिनियमचा टिकतो, फक्त तो कुठेही घासणार नाही हे बघा.

पाइपचं तोंड उंचावर ठेवा. बंपरच्या खालच्या जाळीत हवा गार आणि भरपूर असते हे खरं, पण पावसाळ्यात तिथेच पाणी असतं. तुंबलेल्या रस्त्यावर समोरून बस गेली आणि तिची लाट बंपरवर आली, तर तो पाइप पाणी थेट फिल्टरवर नेईल. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. ज्यांना जुलैत मुंबईत हिंदमाता किंवा सायनवरून जायचंय त्यांनी तर हेडलाइटच्या वरच्या रेषेखाली तोंड आणूच नये. तोंडाला बारीक तारेची जाळी लावा. पानं अडतात आणि उंदीरही. बंद, उबदार, कोरडा कोपरा उंदराला फार आवडतो, आणि तुम्ही नुकताच तसा एक बांधलाय.

परत मोजा

सगळे नट आवळून, शील्डवर हाताने टिचक्या मारून कुठे वाजतं का ते ऐका. बॅटरी जोडा, फडकं काढलंय ना ते बघा, क्रँककेसचा बारीक होज आणि सेन्सरचे सॉकेट परत लागलेत ना तेही. आयडलला पाच मिनिटं, मग घराभोवती एक चक्कर, मग पुन्हा नट.

आता तेच तीन प्रसंग, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, आणि तीच वजाबाकी. उभ्या गाडीत आकडा तरीही चढेल, कारण गाडी उभी असताना पुढून हवा ढकलणारं काही नसतं. बघायचं आहे ते गाडी निघाल्यावर आकडा किती लवकर उतरतो. आधी सिग्नल सुटल्यावर तापमान खाली यायला दोन-तीन किलोमीटर लागत असतील आणि आता पहिल्या काहीशे मीटरमध्येच यायला लागलं, तर शील्ड काम करतेय. खंबाटकीसारखा घाट, जिथे वेग कमी आणि दाब जास्त, तिथे फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. काहीच बदल नसेल तर पत्र्याला दोष देऊ नका. पाइपचं तोंड खरंच बाहेरच्या हवेत आहे का, आणि पंख्याच्या बाजूची फट रबराने बंद आहे का, एवढं तपासा. नव्वद टक्के वेळा दोष या दोन्हींपैकी एकात सापडतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. बॉनेटखालच्या पत्र्याने आरसीतलं काही बदलत नाही. पण वॉरंटीतली गाडी असेल तर इनटेकमध्ये केलेला बदल दाखवून सर्व्हिस सेंटर दावा नाकारू शकतं, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत मूळ डबाच ठेवलेला बरा. पीयूसी नेहमीप्रमाणे वेळेवर करा. मूळ डबा, त्याचे बोल्ट आणि स्नॉर्केल एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक ते मागतं.

पहिल्या महिन्यानंतर सगळे नट पुन्हा एकदा बघा. पावसाळ्याआधी तळातली भोकं तारेने मोकळी करा आणि दिवाळीच्या सुमारास वरची डी रबर काढून बघा. उन्हाने आणि इंजिनाच्या गरमीने ती कडक होऊन तडकते आणि मग फक्त शोभेला उरते. मीटरभर रबराला चहा-नाश्त्याएवढा खर्च येतो.